शरीर राखणे हेही चळवळीचेच काम

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. १९७९ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी नागपूरहून लाँगमार्च निघाला, तेव्हा हे गृहस्थ अठरा वर्षांचे होते आणि त्या मोर्चात चालले होते. मोर्चात चाललेला तो पाय आज नाही. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, खिळा कवा रुतला तेच मले समजलं नाही. चप्पल काढली, रक्त दिसलं, तवा कळलं."

मधुमेहाने त्यांच्या पायाच्या नसा बधिर केल्या होत्या. जखम दुखली नाही म्हणून तिच्याकडे लक्ष गेले नाही आणि लक्ष गेले तोवर ती चिघळली होती. डॉक्टरांनी हा आजार त्यांना बारा वर्षांपूर्वीच सांगितला होता. घरच्या माणसांखेरीज त्यांनी तो कुणाला कळू दिला नाही. गोळ्या कधी घेतल्या, कधी राहून गेल्या. बैठका, मोर्चे आणि कोर्टकचेऱ्यांत तपासणीच्या तारखा निघून गेल्या. मी विचारले, "दादा, आम्हाला सांगितलं का नाही?" त्यांनी उलट मलाच विचारले, "समाजाचं काम करणाऱ्या माणसानं सोताच्या तब्येतीचं रडगाणं गावं का?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या चळवळीतील शेकडो कार्यकर्ते असाच विचार करतात. मीही करीत होतो. चार वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, माझी उपाशीपोटीची साखर १९० निघाली. १२६ किंवा त्याहून जास्त निघाली आणि दुसऱ्या तपासणीतही तसेच आले, तर मधुमेह धरतात. तेव्हापासून मी रोज सकाळी गांधीबागेतील उद्यानात चालतो. त्या चालण्यात जे सुचले आणि त्यासाठी जे वाचले, ते धम्मबांधवांपुढे आणि भगिनींपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

हा श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही

शुगर आणि बीपी हे शेठजींचे आजार, कष्टकऱ्याला ते होत नाहीत, हा समज आपल्या वस्त्यांमध्ये अजूनही घट्ट आहे. तो आता खोटा ठरला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब असलेल्यांची संख्या साडेएकतीस कोटींच्या घरात जाते. याच पाहणीच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भागात आपल्यासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट होती. महाराष्ट्र, तामिळनाडू आणि चंडीगड या तुलनेने सधन प्रदेशांतील शहरांत मधुमेहाचे प्रमाण श्रीमंतांपेक्षा गरिबांमध्ये जास्त आढळले. सधन माणूस सावध झाला, तो बागेत चालू लागला, त्याने तेल-साखर कमी केली. गरिबाच्या ताटात मात्र त्याच काळात स्वस्त तेल, साखर, मैदा आणि पाकिटातले खारे पदार्थ आले.

याला आणखी एक खोल कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची बालके यांचा अभ्यास केला. आईच्या पोटात असताना पोषण कमी पडलेली बाळे वजनाने हलकी असतात. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते. दिसायला बारीक, आतून चरबी. अशा बाळाला पुढे भरपेट आणि गोडधोड मिळू लागले की मधुमेह लवकर गाठतो. त्या अभ्यासात जातीचा प्रश्न नव्हता. परंतु ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या शिळ्यापाक्यावर जगल्या, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी बाळंतपणातही उपास सोसले, त्या समाजाने हा निष्कर्ष वाचून स्वतःकडे पाहायला नको का? माझे तरी मत असे आहे की जातिव्यवस्थेने आपल्याला दिलेली भूक आपल्या शरीरातून अजून गेलेली नाही. म्हणून इतरांनी एक वेळ निष्काळजी राहावे, आपण राहू नये.

बाबासाहेबांनी आजार लपवला नव्हता

"बाबासाहेबांनी कुठे तब्येत पाहिली? ते तर अठरा-अठरा तास वाचायचे!" हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येते. त्यातून आपण चुकीचा धडा घेतो.

राज्यघटनेच्या मसुद्याचे काम चालू होते त्या काळात बाबासाहेबांना मधुमेह आणि पायांच्या नसांच्या असह्य वेदना यांनी ग्रासले होते. रात्र रात्र झोप लागत नसे. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा घटना समितीच्या अध्यक्षांना सादर झाला. त्यानंतर १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या डॉक्टर होत्या. बाबासाहेबांचे पथ्यपाणी, औषधे आणि दुखणी यांविषयी माईसाहेबांनी 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. बाबासाहेब उपचार घेत होते, डॉक्टरांचे ऐकत होते.

आता १० ऑगस्ट १९५१ चे त्यांचे पत्र पाहा. ते पंतप्रधान नेहरूंना लिहिलेले आहे. आपल्या प्रकृतीमुळे आपण आणि आपले डॉक्टर चिंतेत आहोत, दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे अशी आपली इच्छा आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. देशाच्या कायदामंत्र्याने पंतप्रधानांना आपला आजार लेखी कळवला! त्यांनी त्याला रडगाणे मानले नाही. कामाचे नियोजन करताना प्रकृतीचा हिशेब मांडला. बिल मार्गी लागले नाही आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. त्या इतिहासातला आजाराचा भाग मात्र आपण गाळतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात त्यांनी आपल्याला धम्म दिला. त्यानंतर ते केवळ ५३ दिवस जगले. महापरिनिर्वाणाच्या वेळी त्यांचे वय ६५ वर्षांचे होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ छापून आलेला त्यांना पाहता आला नाही. तो १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आणखी दहा वर्षे मिळाली असती तर? रिपब्लिकन पक्षाचे काय झाले असते, धम्मप्रसाराचे काय झाले असते, हा विचार आपण प्रत्येक ६ डिसेंबरला करतो आणि हळहळतो.

त्या काळी साधने किती तोकडी होती तेही लक्षात घ्या. इन्सुलिन होते, ते १९२२ पासून माणसांना दिले जात होते. पण आज मधुमेहावर सर्वांत आधी दिली जाणारी आणि अगदी स्वस्त अशी मेटफॉर्मिनची गोळी फ्रान्समध्ये १९५७ साली आणि ब्रिटनमध्ये १९५८ साली उपचारात आली. बाबासाहेबांना ती मिळाली नाही. घरच्या घरी बोट टोचून साखर मोजण्याचे यंत्र नव्हते, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी नव्हती. आज हे सारे आपल्या वस्तीतल्या औषधांच्या दुकानात आणि तपासणी केंद्रात आहे. जे बाबासाहेबांना उपलब्ध नव्हते ते हाताशी असताना आपण पाय गमावत असू, तर दोष फक्त नशिबाला कसा देता येईल? आणि नशीब तर आपण मानतच नाही.

तथागतांनी चालण्याची जागा दिली

व्यायाम आणि मिताहार हे कुणी नव्याने सांगितलेले फॅड नाही. आपल्या विनयात आणि सुत्तांत ते आहे.

वैशालीत भिक्खूंना चांगलेचुंगले भोजनदान मिळू लागले आणि ते आजारी पडू लागले. वैद्य जीवकाने ते पाहिले आणि चंक्रमणासाठी, म्हणजे येरझारा घालण्यासाठी जागा आणि स्नानगृह यांना परवानगी द्यावी, अशी विनंती तथागतांना केली. तथागतांनी ती दिली. म्हणजे आजारावर चालणे हा उपाय वैद्याने सुचवला आणि संघाने तो स्वीकारला. चंक्रमणाचे पाच लाभ अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. निरोगीपणा आणि खाल्लेले पचणे हे त्यांतले दोन.

कोसलचा राजा प्रसेनजित भरपूर जेवून धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला मोजके खाण्याचा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावून रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितला आणि हळूहळू आपला आहार कमी केला. एका दिवसात नाही, क्रमाक्रमाने. आजचे आहारतज्ज्ञ वेगळे काय सांगतात?

तिसरी गोष्ट सोण कोळिविस या भिक्खूची. श्रीमंत घरचा, तळपाय मऊ. अर्हतपदाच्या ध्यासाने तो इतका चालला की चंक्रमणाची जागा रक्ताने भरली. तथागतांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी स्वर निघत नाही, फार सैल सोडली तरी निघत नाही. त्यानंतर सोणाला पायांत वहाणा घालण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, एकट्याला नको, सर्व संघाला मिळत असेल तरच घेईन. तेव्हा ती सर्व भिक्खूंना मिळाली.

आमच्या पाय गमावलेल्या दादांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पायाची काळजी तथागतांनीबी केली व्हती." मध्यम मार्ग म्हणतात तो हाच. शरीराला छळू नका आणि त्याचे फाजील लाडही करू नका.

गाठी उचलणे म्हणजे व्यायाम नव्हे

गांधीबाग म्हटले की नागपूरकराला आधी कापडाचा घाऊक बाजार आठवतो. लागूनच गंजीपेठेत औषधांचा घाऊक बाजार आहे. जवळच मेयो आणि डागा ही दोन मोठी सरकारी रुग्णालये आहेत. आणि मध्ये ही बाग. सकाळी सहाला बागेत चालणारे बहुतेक दुकानमालक आणि पेन्शनर असतात. त्यांच्याच दुकानांचा माल डोक्यावरून वाहणारा हमाल आणि हातगाडी ओढणारा मजूर त्या वेळी बागेत नसतो. तो दहाच्या सुमारास चहाच्या टपरीवर भेटतो.

अशाच एका ओळखीच्या हमालभाऊंना मी चालायला या म्हटले. त्यांचा बीपी वाढलेला आहे. ते हसले. "दिवसभर कापडाच्या गाठी उचलतो, आन् तुमी मले चालाले सांगता? आमचा व्यायाम तर रोजच होते ना, साहेब!"

मला उत्तर सुचले नाही. नंतर वाचले तेव्हा कळले की प्रश्न बरोबर होता, समज चुकीचा होता. कोपनहेगनमध्ये सुमारे १ लाख ४ हजार प्रौढांचा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी होता. कामावर जास्त अंगमेहनत करणाऱ्यांना तो उलट जास्त होता. कारण समजण्यासारखे आहे. ओझे उचलताना रक्तदाब चढतो आणि तासन् तास चढलेलाच राहतो. दम लागला तरी थांबता येत नाही. विश्रांती मालकाच्या हातात, वेग गिऱ्हाइकाच्या हातात. व्यायामात माणूस स्वतःच्या इच्छेने थकतो आणि स्वतःच्या इच्छेने थांबतो.

इथे पुन्हा बाबासाहेब आठवतात. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात ते मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याच्या कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणले. गांधीवादावर टीका करताना त्यांनी फुरसतीचा मुद्दा मांडला आहे. फुरसत मिळाल्याशिवाय माणसाला माणसासारखे जगता येत नाही, ही त्यांची भूमिका होती. आज कष्टकऱ्याला व्यायाम सांगायचा तर आधी त्याला तास आणि विश्रांती मिळवून द्यावी लागेल. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. ज्या हमालाची माथाडी मंडळात नोंदणी झाली आहे, त्याला भविष्यनिर्वाह निधी, रजा अशा सवलती मिळू शकतात. नोंदणी नसलेल्याला काहीच नाही. त्या हमालभाऊंना आता मी चालायला सांगत नाही. आधी नोंदणीचा अर्ज भरून देतो. बीपीची गोळी चुकवू नका आणि दुपारी अर्धा तास पाठ टेका, एवढेच सांगतो.

हीच गोष्ट आपल्या भगिनींची. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला व्यायाम सांगणारे पुष्कळ आहेत. तिच्या घरचे एक भांडे उचलणारे कमी आहेत. तिला सकाळचा अर्धा तास मिळावा असे वाटत असेल तर घरच्या पुरुषाने चुलीपाशी उभे राहावे. समतेचे भाषण करण्यापेक्षा ते सोपे आहे.

बाग आपली आहे, ती वापरा

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत, असा तो ठराव होता. कागदावरचा ठराव अमलात यावा म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे घटनेच्या कलम १५(२) मध्ये सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा जनतेच्या वापरासाठी असलेल्या विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरात जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही, हे मूलभूत हक्क म्हणून आले. बाग ही अशीच सार्वजनिक जागा आहे. गांधीबागेला नाव गांधींचे असेल, पण तिथे चालण्याचा आपला हक्क घटनेने दिलेला आहे.

वकील म्हणून आणखी एक निकाल सांगतो. बंगळुरात बागेसाठी राखून ठेवलेली एक मोकळी जागा खासगी नर्सिंग होमला देण्यात आली. परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बागेसाठी राखीव असलेली जागा अशी देता येणार नाही. दवाखाना चांगला असला तरी तो बागेची जागा घेऊ शकत नाही. आपल्या वस्त्यांमध्ये काय चालले आहे ते पाहा. विकास आराखड्यात बाग दाखवलेली असते आणि जागेवर गोदाम किंवा वाहनतळ दिसतो. आराखड्याची नक्कल माहितीच्या अधिकारात मागा, आरक्षण तपासा. वस्तीतली बाग वाचवणे हाही आरोग्याचाच लढा आहे.

व्यसन आणि बैठकीतला चहा

आता थोडे कटू बोलतो. नागपूरच्या कार्यकर्त्याच्या खिशात निवेदनाची प्रत असो वा नसो, खर्ऱ्याची पुडी असते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखू घोटणारे हात थांबलेले नाहीत. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण तंबाखू रक्तवाहिन्याही आवळते आणि मधुमेहाने त्या आधीच खराब झालेल्या असतात. दोन्ही एकत्र आले की पायापर्यंत रक्त पोचत नाही. पाय कापण्याची वेळ येते ती बहुधा अशी. पंचशीलातले पाचवे शील आपण केवळ दारूपुरते मोजतो. ज्याच्यावाचून हात थरथरतो आणि ज्याच्यासाठी बैठक अर्धी टाकून बाहेर जावे लागते, ते मादक नाही तर काय आहे?

आणि आपल्या बैठका! रात्री नऊला सुरू, साडेबाराला संपणार, मधे सहा कप गोड चहा, नंतर सावजीचे तेलकट जेवण, पहाटे तीनला झोप. जयंतीचा महिनाभर हेच चालते. सावजी किंवा तर्री-पोहा खाऊच नये असे मी म्हणत नाही, मीही खातो. महिन्यातून एकदा खाणे वेगळे आणि चळवळीच्या नावाखाली रोज खाणे वेगळे.

नेमके काय करावे

चालण्याने काय होते ते थोडक्यात सांगतो. स्नायू हलतात तेव्हा ते रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनची फारशी गरज पडत नाही. म्हणून जेवणानंतरचे पंधरा मिनिटांचे चालणेही उपयोगी पडते. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांवर अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायाम बदलणाऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटले, नुसत्या मेटफॉर्मिनने सुमारे साडेसव्वीस टक्क्यांनी. म्हणजे पायांनी गोळीइतकेच काम केले.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा ठेवावा की चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद देणारे व्यायामही करावेत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर. लोणचे, पापड आणि फरसाण यांतले मीठही त्यातच मोजावे.

काही सावधगिरी आवश्यक आहे. चालायला लागलो म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. माझी गोळी अजून चालू आहे, फक्त मात्रा डॉक्टरांनी कमी केली. महिन्यात मधुमेह मुळापासून घालवतो म्हणणाऱ्या बाबा-वैदूंपासून दूर राहावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालताना खिशात साखर ठेवावी; घाम फुटून थरथर सुटली तर लगेच खावी. छातीत दुखत असेल, चढताना दम कोंडत असेल तर आधी डॉक्टर, मग बाग. रोज रात्री तळपाय पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना दाखवावेत. अनवाणी चालू नये. वर्षातून एकदा डोळे, लघवी आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी.

विदर्भातील आपल्या समाजाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सिकलसेल आपल्यात मोठ्या प्रमाणावर आहे. या रुग्णांसाठी नागपुरात आयुष्यभर झटलेले संपत रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश झाला. सिकलसेलच्या रुग्णाने कडक उन्हात किंवा कडाक्याच्या थंडीत जोराचा व्यायाम करू नये, भरपूर पाणी प्यावे आणि दमण्याआधी थांबावे. सिकलसेल असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी साखरेची तपासणी फसवा आकडा देऊ शकते. नुसता वाहक असला तरी काही पद्धतींत फरक पडतो. तपासणीपूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे. बागेत शेजारी चालणाऱ्याचा वेग आपल्याला लागू पडेलच असे नाही.

विहारापासून सुरुवात

हे सारे एकट्याने होत नाही. मी एकटा होतो तोवर आठवड्यातून तीन दिवस झोपून राहत होतो. आता आम्ही सात जण आहोत. एक जण आला नाही तर दुसरा फोन करतो. संघाची ताकद म्हणतात ती इथेही लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात रक्तदाब मोजण्याचे एक आणि साखर मोजण्याचे एक यंत्र असावे. पौर्णिमेच्या वंदनेनंतर तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी व्हावी आणि वहीत नोंद राहावी. समाजात परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, त्यांनी महिन्यातून दोन तास द्यावेत. ज्याचा आकडा वाढलेला दिसेल त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जाण्याची जबाबदारी एका कार्यकर्त्याकडे असावी. वर्षावासातल्या भोजनदानात एक गोड पदार्थ कमी आणि एक भाजी जास्त असावी. बैठका रात्री दहाला संपाव्यात. याला कुठले अनुदान लागत नाही.

आमचे दादा आता घरी आहेत. कृत्रिम पायाचे माप घेऊन झाले आहे. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितले, "आता बैठकीत मी माया पायाबद्दल बोलणार हाओ. पोरायले दाखवणार, का पाहा, लाँगमार्च चाललेल्या माणसाचा पाय असा गेला." ज्या माणसाला तब्येतीविषयी बोलणे रडगाणे वाटत होते, तो आता त्याच विषयावर भाषण देणार आहे. त्या बैठकीची वेळ आम्ही संध्याकाळी सहाची ठेवली आहे आणि चहा बिनसाखरेचा असेल.

जयभीम!